पहिलं पाणी

सरपणाच्या ढिगातून बार्टल हिर्लिंगरने एक तिकोनी चिरलेलं लाकूड निवडलं, धार वर येईल असं जमिनीवर मांडलं, आजूबाजूला कुणी नाही ना हे पाहिलं आणि त्यावर दोन्ही गुडघे टेकले. क्षणभर त्याने दात आवळून धरले. मग "मेलो!" म्हणत तो खांबाला धरून उठला.

शेडच्या दारात त्याची बायको आफ्रा उभी होती, हातात कोंबड्यांच्या दाण्यांची बादली.

"काय चाललंय?"

"काही नाही. सरपण बघतोय."

"गुडघ्यांनी?"

तो विजारीला चिकटलेला भुसा झटकत राहिला.

"शनिवारी मलाही टेकायचेत गुडघे," ती म्हणाली. "मी नाही बसले तालीम करत."

"तुझी गोष्ट वेगळी. तुला काय, आनंदच आहे."

"कशाचा?"

"उंटरमूसला जायचा. त्या लोइब्लच्या दारात."

आफ्राने बादली खाली ठेवली, नवऱ्याकडे नीट पाहिलं आणि बादली पुन्हा उचलली. "बार्टल, साठीला आलास रे तू," एवढंच म्हणून ती कोंबड्यांकडे गेली.

बार्टल ज्याचा कप्तान होता त्या हिंटरलोह गावच्या बंबदलाला, आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांच्या दलाला, यंदा सव्वाशे वर्षं होत होती. जूनमध्ये मंडप उभा राहणार होता, बँड ठरला होता, मिरवणुकीचा रस्ता ठरला होता. पण बव्हेरियाच्या त्या कोपऱ्यात असा उत्सव कुणी एकट्याने करत नाही. शेजारच्या गावच्या दलाला "आमचे पाठराखे व्हा" म्हणून विनवावं लागतं, आणि विनवायचं म्हणजे नुसतं पत्र धाडून भागत नाही. दलाच्या कप्तानाने आणि निवडलेल्या उत्सवमातेने त्यांच्या बंबघरात जाऊन चिरलेल्या लाकडाच्या धारेवर गुडघे टेकायचे. समोरच्यांनी आधी नाही म्हणायचं, पुन्हा नाही म्हणायचं, टिंगल करायची, अटी घालायच्या, आणि मनासारखं वदवून घेतल्याशिवाय उठू द्यायचं नाही. सगळं हसण्यावारी चालतं, शेवटी बिअरचं पिंप फुटतं, पण गुडघ्यातली कळ खरी असते.

उत्सवमाता म्हणून सगळ्यांनी आफ्राचं नाव घेतलं. त्यात कुणाला शंका नव्हती. मंडपातल्या भटारखान्याचा गाडा इतकी वर्षं तिनेच ओढला होता. आणि पाठराखे कोण, असं विचारल्यावर सगळ्यांचे हात उंटरमूससाठी वर गेले. ओढा ओलांडला की उंटरमूस.

"ओबरकिर्नला विचारून पाहू की," बार्टल म्हणाला होता. "चांगली माणसं आहेत."

"चांगली आहेत, पण त्यांची बिअर कोण पिणार?" कुणीतरी म्हणालं आणि बैठक हसत सुटली. मग बार्टलनेही हात वर केला. कप्तानाला खिशात हात घालून बसता येत नाही.

क्विरिन लोइब्ल हा उंटरमूसचा कप्तान. त्याचं नाव निघालं की बार्टलचं डोकं फिरायचं, आणि ते कुणाला सांगायचीही सोय नव्हती, कारण क्विरिनमध्ये खोट काढावी असं काही नव्हतंच. तोच तर मोठा दोष. जाडजूड, हसरा, बैठकीला कायम उशिरा येणारा, आणि तरी तो आला की खोलीत दिवा लागल्यासारखी माणसं त्याच्याकडे वळायची. बार्टल सोळाव्या वर्षापासून दलात होता. भोंगा वाजला की जेवणाच्या ताटावरून उठायचं, गायीची धार अर्धी टाकून पळायचं, रस्त्यावर सांडलेलं तेल खरवडायचं, पुराचं पाणी लोकांच्या तळघरांतून उपसायचं, वळणावर झाडाला धडकलेल्या गाडीचा पत्रा कापून आतल्या माणसाला बाहेर काढायचं. दमडी मिळत नाही. लष्कराच्या भाकऱ्याच त्या, पण बार्टलने त्या एकही न करपवता भाजल्या होत्या. नळ्या धुऊन मनोऱ्यावर वाळत घालायच्या, पंप दर शनिवारी चालवून बघायचा, पोरांना गाठी शिकवायच्या, सगळं वेळच्या वेळी. आणि जिल्ह्यात नाव कुणाचं? क्विरिनचं. आयत्या बिळावर नागोबा!

हे सगळंही बार्टलने गिळलं असतं. गोठा जळला नसता तर.

त्या गोष्टीला अकरा वर्षं झाली होती. पावसाने उघडझाप लावली होती, आणि ओलसर गवत गंजीत दाबलं गेलं की ते आतून तापतं, तापत तापत पेट घेतं. म्हणून दलाकडे एक लांब सळई होती, टोकाला तापमापक बसवलेली. त्या आठवड्यात बार्टल ती सळई घेऊन घराघरात हिंडला. याच्या गवतात खुपस, त्याच्या गवतात खुपस, "अजून ठीक आहे," "हे मात्र आजच बाहेर काढ." सगळ्या गावाचं गवत मोजून झालं आणि स्वतःचं राहिलं. उद्या बघू म्हणाला. दुसऱ्याच सकाळी त्याच्या गोठ्याच्या माळ्यातून धूर निघाला.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. एवढ्यावर गाव हसलं असतं आणि विसरलंही असतं. पण कामाचा दिवस होता. दलातले निम्मे लोक शहरातल्या कारखान्यात. बार्टलच्या हाताशी चार माणसं, आणि नळाला जेमतेम एका नळीपुरता जोर. गोठ्याला भिंत लागून वाल्ली म्हातारीचं घर, लाकडी फळ्यांचं छप्पर, ठिणग्या त्याच्यावर पडत होत्या. आणि वाल्ली आत. ती बहिरी आणि हट्टी, दाराला आतून कडी लावून बसलेली.

आफ्रा अंगणात उभी राहून ओरडली होती, "बार्टल, गाई आत आहेत! अरे, गाई आत आहेत!"

बार्टलने नळी वाल्लीच्या छपराकडे वळवली.

थोड्या वेळात ओढ्याच्या बाजूने क्विरिनची माणसं आली. त्यांनी ओढ्यात पंप टाकला, गोठ्यावर पाणी सोडलं, तोंडाला मुखवटे बांधून मागच्या दाराने आत शिरली आणि गाई बाहेर काढल्या. एक म्हातारी गाय तेवढी गेली. क्विरिन स्वतः खांद्यावर वासरू घेऊन धुरातून बाहेर आला आणि नेमका तेव्हाच पेपरवाला पोचला. दुसऱ्या दिवशी जिल्हाभर वासरू आणि क्विरिन. वाल्लीचं घर जळलंच नव्हतं. न जळलेल्या घराचा फोटो कोण छापतो?

तेव्हापासून जत्रेत, लग्नात, मयताला, जिथे दोन गावं एकत्र यायची तिथे कुणीतरी म्हणणारच, "हिंटरलोहच्या कप्तानाच्या गोठ्यावर पहिलं पाणी कुणाचं रे?" आणि बाकीचे एका सुरात, "उंटरमूसचं!" क्विरिनने मात्र स्वतःच्या तोंडाने हे कधी म्हटलं नव्हतं. तो नुसता हसायचा. ते तर जास्तच झोंबायचं.

आफ्राने नवऱ्याला कधी बोल लावला नाही. पुढचे कितीतरी दिवस ती कामापुरतंच बोलली, मग हळूहळू सगळं पहिल्यासारखं झालं. फक्त गोष्ट निघाली की ती म्हणायची, "लोइब्लच्या पोरांनी गाई वाचवल्या." खरंच होतं ते. पण तिच्या तोंडून ते वाक्य आलं की बार्टलला वाटायचं, मग मी काय केलं? हा प्रश्न त्याने तिला कधी विचारला नाही, कारण तिने काय उत्तर दिलं असतं याची त्याला धास्ती होती. आणि उंटरमूसचे आभारही त्याने कधी मानले नव्हते. दलातर्फे सचिवाने पत्र पाठवलं होतं. बार्टलने त्यावर सही केली होती, बस्स.

शनिवारी सकाळी हिंटरलोहचं दल गणवेशात निघालं. पुढे बँड, मागे हातगाडीवर पिंप, त्यामागे झेंडा. ओढ्याच्या पुलावरून जाताना आफ्राने बार्टलची कॉलर सरळ केली.

"चेहरा जरा सोड," ती म्हणाली. "मयताला निघाल्यासारखा दिसतोयस."

"आज तो वदवून घेणार माझ्याकडून. गोठ्याचं."

"घेऊ दे. खरं ते खरं."

तिचं "खरं ते खरं" त्याला बुटातल्या खड्यासारखं टोचत राहिलं.

उंटरमूसच्या बंबघराचं दार रीतीप्रमाणे आतून बंद होतं. बार्टलने ठोठावलं. वरच्या खिडकीतून क्विरिनचं डोकं बाहेर आलं, त्यावर रात्रीची टोपी.

"कोण ते? आम्हाला काही विकत घ्यायचं नाही!"

"हिंटरलोहचं बंबदल आहे," बार्टल म्हणाला. "विनंती घेऊन आलोय."

"हिंटरलोह? ते कुठे आलं?" क्विरिनने आत वळून विचारलं. "अरे, कुणी ऐकलंय का हे नाव?" आतून "नाही, नाही" असा गलका झाला. "पिंप आणलंय का?"

"आणलंय."

"हां, आता आठवतंय थोडं थोडं."

दार उघडलं. बंब बाहेर काढून ठेवले होते आणि आत बाकांवर सगळं उंटरमूस बसलं होतं, बायकापोरांसकट. मधोमध जमिनीवर चिरलेलं लाकूड. बार्टलने घरी मांडलं होतं त्याहून धारदार. तो आणि आफ्रा शेजारी शेजारी त्यावर टेकले. आफ्राने ओठ चावला, पण चेहऱ्यावरचं हसू ढळू दिलं नाही.

बार्टलने विनंती म्हणून दाखवली. पाठ केली होती, एक शब्द चुकला नाही.

"नाही," क्विरिन म्हणाला.

हशा. बार्टलने विनंती पुन्हा म्हटली.

"नाही म्हणजे नाही. आम्हाला जूनमध्ये कामं आहेत. माझी तर झोपच फार राहिलीय."

"अरे, चांगली बाई आणलीय त्यांनी सोबत," एक म्हातारा बाकावरून ओरडला. "तिच्याकडे बघून तरी हो म्हण!"

"बाईला आमचं हो आहेच," क्विरिन म्हणाला, "प्रश्न त्या लांब तोंडाच्या माणसाचा आहे." आफ्रा खळखळून हसली. बार्टलच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढं मोकळं ती घरी शेवटची कधी हसली होती, ते त्याला आठवेना.

मग परीक्षा. टेबलावर मेणबत्ती लावली आणि बार्टलच्या हातात जुन्या काळची पितळी पिचकारी दिली. गुडघे न हलवता विझव म्हणाले. बार्टलने एक डोळा मिटला, दट्ट्या दाबला, आणि पहिल्याच धारेत ज्योत गेली. टेबलावर थेंबसुद्धा सांडला नाही. असा नेम दोन्ही गावांत दुसऱ्या कुणाला जमला नसता.

"अरे वा!" क्विरिन म्हणाला. "पेटलेलं विझवता येतं की याला!"

बंबघर हसून हसून लोळलं. आणि नेमाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

"आता गोठ्याचं विचार रे, क्विरिन!" मागून कुणीतरी ओरडलं. "पहिलं पाणी कुणाचं?"

आलं. बार्टलने पिचकारी खाली ठेवली. गुडघ्यांतून कळ वर कमरेपर्यंत गेली होती. तो वाट पाहू लागला.

क्विरिनने मागे न बघता हात हलवला. "गप रे," तो म्हणाला. "मी अटी सांगतोय. दोन पिंपं बिअर. एक डुक्कर, भाजलेलं, कातडी कुरकुरीत. आणि हिंटरलोहच्या प्रत्येक पोराने आमच्या एकेका म्हातारीबरोबर नाचायचं, दमेपर्यंत. मंजूर?"

"मंजूर," बार्टल म्हणाला.

"मग झालं तर. आम्ही तुमचे पाठराखे. उठा आता."

बँडने सूर लावला. माणसं बाकांवरून उठू लागली. क्विरिन दोन्ही हात पसरून पुढे आला.

बार्टल उठला नाही. मागितलंच नाही याने! सगळं गाव सांगत असताना, हक्क असताना, याने मागितलं नाही. इतकी वर्षं ज्या घासाला तो घाबरत होता, तो क्विरिनने त्याच्या ताटात वाढलाच नाही, वरून पान उचलून घेतलं. म्हणजे इथेही मोठा तोच. बार्टलला संताप आला, इतका की डोळ्यांसमोर अंधारी आली. काहीही झालं तरी आज हा माणूस याही बाबतीत पुढे जाता कामा नये.

"थांब," तो म्हणाला. "अजून राहिलंय."

"काय राहिलं? उठ, गुडघे फुटतील."

"माझ्या गोठ्यावर पहिलं पाणी उंटरमूसचं होतं." बँडमधला तुतारीवाला मध्येच थांबला. "गाई तुम्ही काढल्या. तू काढल्यास. मी आजवर तोंडाने आभार मानले नव्हते. आज मानतो."

आफ्राने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. क्विरिनच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं, आणि ते गेल्यावर तो एकदम वयस्कर दिसायला लागला. त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"पहिलं पाणी कुठलं आमचं?" तो म्हणाला. "आम्ही आलो तेव्हा तुझी नळी चालू होती."

"ती वाल्लीच्या छपरावर."

"तेच म्हणतोय. मी तुझ्या जागी असतो ना बार्टल, तर माझ्या गाईंकडे धावलो असतो. खोटं कशाला बोलू? स्वतःचा गोठा डोळ्यांसमोर जळतोय आणि बायको ओरडतेय, अशा वेळी शेजाऱ्याच्या घराकडे नळी वळवायची, हे मला नसतं जमलं. मी गाई वाचवल्या असत्या आणि वाल्ली म्हातारी राख झाली असती. अकरा वर्षं लोक मला शाबासकी देतात आणि मी घेतोय. घ्यायला काय जातं?"

मग मागच्या बाकावरून टाळी पडली, मग दुसरी, आणि मग सगळं बंबघर टाळ्या वाजवायला लागलं. हिंटरलोहवालेसुद्धा.

"काय दिलदार माणूस!" तो म्हातारा डोळे पुसत म्हणाला. "कबूल केलं, चारचौघांत कबूल केलं. आहे का दुसरा असा जिल्ह्यात?"

माणसं क्विरिनच्या पाठीवर थापा मारत होती. बार्टल लाकडावर तसाच होता. जे वाक्य कुणीतरी म्हणावं म्हणून तो इतकी वर्षं तहानला होता, ते आज म्हटलं गेलं होतं, सगळ्यांसमोर, बायकोसमोर. आणि टाळ्या पडत होत्या त्या क्विरिनला. बार्टलला हसावं की रडावं कळेना. घ्या! स्तुती माझी आणि हारतुरे याला!

शेजारी आफ्रा टाळ्या वाजवत नव्हती. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते आणि ती समोर बघत होती.

"त्या दिवशी मी ओरडले होते," ती म्हणाली. गोंगाटात फक्त त्यालाच ऐकू जाईल इतक्या हळू. "गाई आत आहेत म्हणून."

"हं."

"तुला ऐकू नाही आलं ना? पंपाचा आवाज होता. मी मनाशी तेच धरून बसले होते, की तुला ऐकूच आलं नाही."

बार्टलने तिच्याकडे पाहिलं. हो म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. तिने स्वतःच वाट काढून ठेवली होती आणि इतकी वर्षं तीच धरून ती त्याच्याबरोबर राहिली होती.

"ऐकू आलं होतं," तो म्हणाला.

"आलं होतं?"

"स्पष्ट. दोन्ही वेळा."

टाळ्या थांबत आल्या होत्या. कुणीतरी पिंपाची तोटी ठोकून बसवत होतं. उत्सवमातेला आपल्या हाताने उठवायचा मान पाठराख्यांच्या कप्तानाचा, म्हणून गर्दीतून वाट काढत क्विरिन तिच्यासमोर आला, कमरेत वाकला आणि त्याने हात पुढे केला.

"चला, बाईसाहेब. खूप छळलं तुम्हाला."

आफ्राने त्या हाताकडे पाहिलं. मग तिने आपला तळवा बार्टलच्या खांद्यावर ठेवला, सगळा भार त्याच्यावर टाकला आणि एक एक पाय सोडवत उठू लागली. बार्टलचे गुडघे अजून धारेवरच होते. तिच्या वजनाने ते आणखी खाली रुतले, पण तो हलला नाही. क्विरिनचा हात तसाच पुढे राहिला.

"हळू," बार्टल म्हणाला.

"हळूच उठतेय," आफ्रा म्हणाली. "तू नीट धर."